सूनबाईनं तपासलंय

माझा जन्म कोयनानगरचा, धरणाच्या वसाहतीतला. वडील धरणावर कामाला हुते. आमच्यात झोपताना दाराला आतनं कडी लावायची न्हाई, ही रीत. भूकंपाचा धक्का बसला की चौकट तिरपी हुती, कडी निघत न्हाई, माणूस आत अडकतं, म्हणून दार नुसतं लोटून घ्यायचं. वडील म्हणायचे, चोर आला तर भांडी न्हेईल, जीव तर न्हेणार न्हाई. तीच सवय अंगात मुरली बघा. कुठंबी गेले की पयलं बघती, हितनं भाईर कसं पडायचं. आता तुमी माझं बोलणं भरून घ्यायला ह्यो मोबाईल पालथा ठिवलाय, माझा आवाज दबला येईल, सरळ करा जरा. हां. हे असं माझं, ताई.

पुढं शिकले, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर झाले. टेस्टर म्हंजी काय, दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आन त्याचा पगार घ्यायचा. सासर हे सांगलीजवळ, नदीकाठाला. हितल्या बायका हसायच्या, म्हणायच्या, आमच्या सासवा हेच काम फुकट करत्यात. मालक फौजेत, सासूबाईंचं म्हणणं सुनंनं घरात ऱ्हावं, एकटे मामंजी, म्हंजी माझे सासरे, म्हणले, जाऊ दे तिला, डोकं हाय तिला. पारावर बसून सांगायचे, आमच्या सूनबाईच्या नजरंतनं सुटंल ते काय. घरात मातर चिडवायचे, तुला देवाचा परसाद दिला तरी आधी खडा हुडकशील.

मग कंपनीत एक काम आलं. धरणातनं पाणी सोडलं की नदीकाठच्या लोकांना मोबाईलवर मेसेज जायचा. काय सांगू तुमाला, जीव ओतून तपासलं मी ते. वर माझं माहेर, खाली माझं सासर, मधी तीच नदी. थोड्या फोनांवर मेसेज झटक्यात जायचा, पण सगळ्या गावांना एकदम धाडला की रांग लागायची, आन रांगंत शेवटाला आमची खालची गावं. मेसेज पोचंस्तवर पाणी पोचलेलं असायचं. साहेबांना म्हणले, हे द्यायचं न्हाई. साहेब म्हणले, मॅडम, तुमी फारच निगेटिव्ह बोलता, एवढ्या लोकांना एकदम कशाला लागतंय. मी म्हणले, सर, पूर काय एकेकट्याला ईत न्हाई. मी पास केलं न्हाई. मग मला त्या कामावरनं काढलं, दुसऱ्यानं पास केलं आन हाफिसात पेढे वाटले.

मी लगोलग गावाकडं फोन केला, मामंजी, त्या मेसेजवर इसंबून ऱ्हाऊ नका. ते हसले, म्हणले, तू हात लावलायस म्हंजी पक्कंच असणार. आवं मामंजी, मी नको म्हणलं हुतं त्याला. तर म्हणत्यात, तू आजवर कशाला व्हय म्हणलीयास?

पुराच्या दिवशी दुपारी भावकीतल्या समद्यांनी जनावरं वरच्या शाळंत न्हेली. मामंजी फोन पुढ्यात ठिऊन ओट्यावर बसलेले. सासूबाई म्हणल्या, दावी सोडा की. मामंजी म्हणले, मेसेज आला न्हाई अजून, सूनबाईनं तपासलंय. मी पुण्यातनं फोन लावला, पाया पडती म्हणले, म्हशी सोडा. तर मला म्हणले,

— फोन ठेव आदी. तू बोलत बसलीस आन मेसेज आला तर?

आन ठिवलाच फोन. गोठ्यात पाणी शिरलं तवा मामंजी धावले, पर दाव्याच्या गाठी भिजून फुगलेल्या, सुटनात. भावकीतल्या पोरांनी मामंजींना वढून भाईर काढलं. दोन म्हशी आन रेडकू गेलं, बांधल्या जागी. समदी शाळंत जाऊन बसल्यावर सगळ्यांचे फोन वाजले. मेसेज आला हुता.

आता गाव म्हणतं, हिच्याच कंपनीचा मेसेज, हिनंच घोळ घातला. मामंजींना खरं ठावं हाय, पर ते गावाला काय सांगत न्हाईत, आन माझ्याशीबी बोलत न्हाईत. मी नोकरी सोडली, हितंच ऱ्हाती आता. लय दुखतंय ओ हे. खोट मला सापडली हुती, येळंत सापडली, जिथं सांगायची तिथं सांगितली, जिथं न्हाई तिथंबी सांगितली. सापडून काय उपेग झाला? परत कुठं तपासायचं काम बघ म्हणत्यात लोक. कुणासाठी तपासू? जो माझं कौतुक करायचा त्यालाच माझ्या कौतुकानं खाल्लं.

सासूबाई रोज दिवे लागले की दाराला कडी घालत्यात. त्यांच्या मागनं मामंजी उठत्यात, कडी काढत्यात, दार नुसतं लोटून ठिवत्यात, आन माझ्याकडं न बघता जाऊन पडत्यात. गोठ्यात आता दार लोटून घ्यावं असं काय ऱ्हायलंच न्हाई.

जावा आता, उजेड हाय तवर. देव तुमचं भलं करू दे. आन पुलावर गेलासा की सोता वाकून पाणी बघा, मगच पाय टाका. कुणी सांगितलंय म्हणून जाऊ नका, मी सांगितलं तरीबी.