हसू नका, काचेत बघा

...नाही नाही, हसायचं नाही. अहो, आत्ताच सांगितलं ना, हसलात की अर्ज परत. ओठ मिटलेले, नजर समोर, या काचेत, माझ्याकडे नको — माझ्याकडे बघून काय मिळणार तुम्हाला? हं. केस जरा मागे घ्या, कान दिसले पाहिजेत. कान दिसल्याशिवाय कुठलंच सरकार माणूस खरा धरत नाही. आणि बोलायचं नाही. बाकीच्या दुकानांत गिऱ्हाईक बोलतं आणि दुकानदार मान हलवतो, इथे उलटं, इथे गिऱ्हाइकाला मानसुद्धा हलवता येत नाही. मला बरं पडतं. घरी एवढं ऐकून घेणारं कोण आहे? तर सांगा, कोणत्या मापाचा? तोंडाने नको, बोटाने. चौकोनी म्हणजे इथल्या नागरिकत्वाच्या अर्जाचा — एक बोट. उभा म्हणजे आपल्या तिकडच्या पासपोर्टचा, नवा करायचा असेल तर — दोन बोटं. हे काय? मूठ? अजून ठरलं नाही? अरे वा! दारातून आपल्या भाषेत विचारलंत तेव्हाच मला शंका आली होती. बसा, निवांत बसा. योग्य ठिकाणी आलात.

तुम्ही पहिले नाही हो. बावीस वर्षं या स्टुलावर लोक बसतायत, आणि फोटो काढायला येतात असं त्यांना वाटतं. खरं तर निम्मे मला विचारायला येतात. एक बाई होत्या, टाचणीसारख्या सरळ बसल्या, चौकोनी काढून घेतला, पाकीट पर्समध्ये टाकलं, दारापर्यंत गेल्या, आणि परत येऊन म्हणाल्या, उभाही काढून ठेवा, असू द्या. असू द्या म्हणे! लोणचं आहे का बरणीत असू द्यायला? दोन्हींतला एकच चालतो, आपल्याकडे दोन ठेवता येत नाहीत, इकडचा घेतला की तिकडचा परत करायचा, कोपरा कापून देतात म्हणे. पण मी काढून दिला. चेहरा तोच लागतो दोघांनाही. फरक एवढाच, की तिकडच्याला खांदे लागतात, इकडच्याला लागत नाहीत. यातून काय अर्थ काढायचा तो तुम्ही काढा. हं, हनुवटी वर — झालं. डोळे मिटले तुम्ही. परत. हं... आता झालं. बोला आता, बोललात तरी चालेल. नाही? बरं. छपाईचं यंत्र तापायला पाच मिनिटं घेतं, ते माझ्याहून जुनं आहे.

मी? माझं काय? माझं केव्हाच ठरलंय. म्हणजे ठरल्यासारखंच आहे. हा खण बघा. ही पाकिटं मोजू नका — बरं, मोजा, अकरा आहेत. फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो ना, तर मी दर सहा महिन्यांनी स्वतःचा काढतो, कॅमेऱ्याला दहा सेकंदांची वेळ लावतो आणि पळत जाऊन स्टुलावर बसतो. चौकोनी कापतो, अर्जाला टाचणी लावतो. मग सहा महिने जातात. मग फोटो जुना होतो. मग नवा काढतो. पाच वर्षं झाली, अर्ज तोच आहे, तोंड बदलतंय. हा पहिला, बघा, इथे अजून भांग पडत होता. आणि हा परवाचा, इथे टकलावरून प्रकाश परत माझ्याच डोळ्यांवर येतो. दुसऱ्या कुणाचं दुकान असतं तर त्याने मला उधळपट्टीबद्दल हाकलून दिलं असतं.

बायकोने मागच्या वर्षी इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली. तिचं बरं आहे, ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, चारशे मुलांना वेळेत वाढायचं म्हणजे माणूस विचार करत बसत नाही. गेली, हात वर केला, आली. त्यांनी तिला एक छोटं रोप दिलं कुंडीतलं. रुजा म्हणून, कौतुकाने. तीन आठवड्यांत वाळलं. पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं, पण ते जाऊ द्या. मुलगी तर इथेच जन्मली, तिला प्रश्नच पडत नाही. तिला वाटतं बाबांना फॉर्म भरता येत नाही. आणि आता प्रवासाहून परत आलो की विमानतळावर गंमत असते, बघाच एकदा. त्या दोघी नागरिकांच्या दारातून — दोन मिनिटं, यंत्राला डोळे दाखवले की आत. मी दुसऱ्या रांगेत, तास-सव्वा तास, जगभरातल्या लोकांबरोबर. हातात तिघांचेही कोट, कारण मी उभाच राहणार आहे तर धरेन, असं त्यांचं म्हणणं. मी बाहेर येईपर्यंत त्यांचं सामान येऊन, खाऊन, भांडून झालेलं असतं. मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही आमच्याबरोबर आहात ना नक्की? विनोदाने म्हणते हो. हसलो मी पण.

मग जा ना परत, असं म्हणणार तुम्ही. सगळे म्हणतात. जातो की! दोन वर्षांपूर्वी गेलो होतो महिनाभर, चाचपणी करायला. भावाने माझ्यासाठी खोली रिकामी केली, त्याचा मुलगा बाहेर कोचावर झोपला, म्हणजे रोज सकाळी मला त्याच्या पायांवरून जावं लागायचं आणि तो मनातल्या मनात दिवस मोजायचा. वहिनीने नवा साबण काढला. नवा टॉवेल, घडी न मोडलेला. पाहुण्यांच्या कपातून चहा. मी म्हटलं, वहिनी, मला आपला तो कान तुटलेला चालेल, तर म्हणाली, छे, तुम्हाला कसा देऊ? पाणी उकळून! ज्या नळाचं पाणी पिऊन मी मोठा झालो ते मला उकळून! आणि दिव्याचं बटण कुठे आहे ते मला दाखवत होते, हे असं दाबायचं म्हणून. तर तिथे मी बाहेरून आलेला, इथेही मी बाहेरून आलेला. म्हणजे प्रगती आहे, बावीस वर्षांत एका जागचा परका होतो, आता दोन जागचा झालो.

आई? आहे ना. एक्याऐंशी. रविवारी फोन करतो, इथली दुपार, तिथली संध्याकाळ. बावीस वर्षं पहिलं वाक्य एकच — कधी येणार? हॅलो नाही, कसा आहेस नाही, कधी येणार. मी म्हणायचो, बघतो. ती म्हणायची, बघ. एवढंच. नुसती कटकट. कधीकधी मी फोन कानापासून लांबच धरायचो तेवढं वाक्य होईपर्यंत. आणि आता चार-पाच महिने झाले, विचारत नाही. जेवलास का म्हणते, पोरगी कशी आहे म्हणते, आणि फोन भावाकडे देते. बरंच झालं, सुटलो एकदाचा. सुटलो की नाही? सांगा ना. आणि गेल्या महिन्यात भाऊ म्हणाला, आईला तुझा एक फोटो हवाय. मोठा. भिंतीवर लावायला. आता आमच्या घरी भिंतीवर कोण आहे ते सांगतो तुम्हाला. आजोबा. आजी. मोठे काका. वडील. झाली यादी. जिवंत माणसाचा फोटो त्या भिंतीवर आजवर लागलेला नाही, आमच्याकडे जिवंत माणसं खुर्चीत बसतात. पाठवतो म्हटलं. आणि शोधायला बसलो तर — फोटोग्राफर ना मी! — बावीस वर्षांत माझे म्हणून फोटो कोणते? तर हे. खणातले. त्यातलाच एक मोठा करून पाठवला. भाऊ सांगत होता, तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि विचारलं, हा कशावर रागावलाय?

हसा. तुम्ही आता हसलात तरी चालेल, तुमचं झालंय. ...काय? आत्ता? नको हो. बरं, काढा, एवढं म्हणताय तर. हे बटण, हलकंच दाबायचं, दणका नको. थांबा, बसतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा न पळता बसतोय. दाबा. बघू? हे बघा, ओठ मिटलेले, नजर समोर, कान दोन्ही. सवय हो. परत दाबा. हसतोय की! हे हसणंच आहे माझं. बरं, परत. काहीतरी बोला तुम्ही, मघापासून मीच... बघू.

हं. आला. दात दिसतायत. चांगला आलाय, हात स्थिर आहे तुमचा. वडिलांसारखा दिसतो यात मी.

नाही, पाठवायचा नाही. खोडून टाकतो. थांबा, हात सोडा — अहो, कळत कसं नाही तुम्हाला? हा बघितला तर आई म्हणेल, सुखात आहे पोरगा. मग विचारायचं कायमचंच थांबेल. तोच राहू दे, रागावलेला. रागावलेल्याला माणसं घरी बोलावतात. सुखात असलेल्याला कोण बोलावतं? सोमवारी अकराला नागरिकत्वाच्या कार्यालयात अर्ज घेऊन बोलावलंय मला, नाव नोंदवून ठेवलंय ना, तिसऱ्यांदा; या वेळी गेलो नाही तर फाईल बंद, असं कळवलंय, फार सभ्य भाषेत. आणि मध्ये रविवार आहे. फोन करीन. विचारलं तिने, तर उभा कापीन. नाही विचारलं, तर चौकोनी टाचलेलाच आहे, जाईन, हात वर करीन, रोप घेऊन येईन. एवढ्या मोठ्या दोन सरकारांचं काम त्या बाईच्या एका वाक्यावर अडलंय आणि तिला पत्ता नाही.

घ्या, झाले तुमचे. दोन्ही मापांचे काढलेत, दोन पाकिटं, लिहून ठेवलंय वर. तुम्हाला विचारतं का हो कुणी, कधी येणार म्हणून? ...बरं. नका सांगू. जा आता. दार ओढून घ्या नीट, ते आपोआप लागत नाही.