मायच्या अंबाडीची ओळ

लिहा ताई, पण मन्हं बोलणं येतं तसंच लिहा. घरी आम्ही पावरी बोलतो, हे बोलणं मले खाली सपाटीवरच्या बायांसंगे खुरपता खुरपता लागलं, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. जलम मन्हा तोरणमाळच्या घाटाखाली एका पाड्यावरचा. साल काय सांगू तुम्हाले, माय म्हने तू झाली तवा ज्वारी कापणीले आली व्हती, तेवढंच. आमचं वावर उताराचं, मधे मका आणि कडेनं अंबाडी. तुम्हाले अंबाडी भाजीचीच ठाऊक, आंबट. आमच्याकडं तिचं सारंच कामाचं. पानाची भाजी, बियांची चटणी, आणि खोड नाल्याच्या पाण्यात दगडाखाली कुजवायचं, मग साल ओढली की लांब वाख निघतो, त्याचे दोर, खाटेले, बैलाले. आता कोण वळतं दोर, शहाद्याच्या बाजारातून निळं प्लास्टिक आणतात. सारा पाडा अंबाडी सोडून बसला, मन्ही माय मात्र मरेपर्यंत पेरत राहिली, वेडी म्हनायचे तिले लोक.

नवरा ऊसतोडीले गुजरातेत जायचा, मीही गेले दोन हंगाम, मग कमरेनं नही म्हटलं. तवा खाली संशोधनाच्या फार्मवर मजुरीले लागले. तठे एक म्याडम व्हत्या, वयानं मन्ह्या पोरीएवढ्या, पण शिक्षण केवढं. त्या म्हनायच्या, पोती ज्याची बनतात तो ताग, त्याले पाणी लई लागतं, दमट हवा लागते, आपल्याकडं जमायचा नही, पण अंबाडी त्याच कामाची, वाखासाठी तिचीच चांगली जात शोधायची. उंच वाढली पाहिजे, सरळ सोटा, फांदी नको, आणि मूळ कुजायला नको. गुण बीमध्येच असतो, मायबापाकडून येतो, असं त्या समजावून सांगायच्या. म्हटलं म्याडम, खाण तशी माती, हे तर आमचे म्हातारे न शिकता सांगत आले. हसल्या. मले त्यांनी फुलाचं काम शिकवलं. दुपारून कळी उघडून आतलं नराचं काढून टाकायचं, कागदी पिशवी घालायची, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. मन्हा हात हलका, त्या म्हनायच्या सेवीबाईच्या हातनं कळी मोडत नही.

मग एकदा विचारलं, तुमच्याकडं वर जुनी अंबाडी शे का. माय जाऊन तवा वरीस झालं व्हतं. भोपळ्याच्या तुंब्यात राखेत घातलेलं तिचं बी व्हतं, तेच शेवटचं. अर्धं किडलेलं. मूठभर घरी ठेवायचं ना, पण मी सारंच नेऊन दिलं, म्हटलं तठे कुलूप शे, कपाट शे, उंदीर लागत नही. निवडून निवडून एक ओळ भरली, एवढंच निघालं. दोन्ही बाजूले दुसरीकडच्या जाती पेरल्या. पाऊस लागून राहिला, बाजूच्या ओळी मूळ कुजून मान टाकू लागल्या, आणि मन्ह्या मायची ओळ उभी. मी रोज कामाआधी एक चक्कर मारायची, ताई, खोटं कशाले सांगू, तिले बघूनच दिवस सुरू व्हायचा.

आता मन्ही चूक ऐका. आमच्यात नवाई असते, नवं हिरवं आधी देवाले, मग माणसाले. आणि माय म्हनायची, बी परक्या मातीत नेलं तर प्रत्येक झाडाचा शेंडा देवाले द्यायचा, नहीतर ते तठे ऱ्हात नही. म्याडम ट्रेनिंगले गेलेल्या. मी गुडघाभर अंबाडीचे शेंडे खुडले, एक झाड सोडलं नही, बांधावरच्या दगडाजवळ ठेवले, हात जोडले. शेंडा खुडला की अंबाडी फुटते हे लहान पोरीले कळतं. पण आमच्याकडं फुटली की चांगली झाली म्हनतात, भाजी जास्त. सरळ सोटा पाहिजे हे मले सांगितलेलं व्हतं, पण नवाईपुढं आठवलंच नही.

म्याडम आल्या तवा फांद्या हातभर झालेल्या. ओळीपुढं लई वेळ उभ्या राहिल्या, वहीत लिहिलं, आणि म्हने या जातीले जन्मजात फांद्या, मूळ चांगलं पण वाखाच्या कामाची नही, फुलावर यायच्या आत उपटून टाका, नहीतर पराग बाकीच्यात मिसळेल. घरी एक दाणा नही. बोलावं तर काम जाईल, नवरा खाटेवर पडलेला, त्याचं औषधपाणी मन्ह्याच मजुरीवर. नही बोलावं तर मायचं बी जाईल, आणि जाताना खोटं ठरून जाईल. उपटायले मलेच पाठवलं. पहिल्या झाडाले हात घातला आणि जोर निघेना. माय आयुष्यभर वेडी म्हनून घेत राहिली, आता पोरीच्या पापानं तिचं बी पण नावं ठेवून घेणार. मी तशीच गेले ऑफिसात.

म्हटलं, म्याडम, बी खोटं नही, हात मन्हा लागला.

त्या वावरात आल्या, झाडाजवळ बसल्या, बोटानं चाचपून बघितलं, सगळ्यांची एकाच उंचीवर खुडल्याची खूण. वहीतली ओळ खोडली. म्हने, सेवीबाई, तुम्ही गप्प राहिल्या असत्या तर मला कळलं नसतं. मग म्हने, उद्यापासून कापसात खुरपायला जा, या प्लॉटात पाय ठेवायचा नाही. बरोबरच शे ना. काम गेलं नही हेच लई. पण फुलाचं काम गेलं त्याचं मी घरी जाऊन रडले.

ती ओळ बियाले ठेवली. पुढच्या सालात दुसऱ्या बायांनी पेरली, मी कापसातून बघायची. सरळ गेली ताई, हात वर केला तरी शेंडा लागेना, एक फांदी नही. म्याडमनी मूठभर बी मले परत दिलं, ते सूनबाईनं वर पाड्यावर पेरलं, तठे मी शेंडे खुडते, कोणी मोजत नही.

म्याडमची बदली झाली. जाण्याआधी त्यांनी बोलावून रजिस्टर वाचून दाखवलं, उंच, सरळ, मूळ कुजत नाही. जातीले नाव नही, नंबर शे. पुढं लिहिलेलं, बी देणारी सेवीबाई. म्हटलं मन्हं खोडा, मायचं लिहा. म्हने नियम शे, ज्यानं आणून दिलं त्याचंच नाव लागतं. जिनं राखलं तिचं नही, जिनं बिघडवलं तिचं नाव राहिलं. असो. बीले आता कोणी खोटं म्हनत नही, मले तेवढं पुरे. तुमच्या लेकराबाळांच्या घरचं बी कधी सरू नये. आणि एवढं लिहून घेतलं तर तुमच्या कागदावर आणखी एक नाव घाला. मन्ही माय, जामाबाई.