हे अंगण काबेयांचं

नाही, तुम्हीच सांगा, गाण्यातलं बोलणं कोणी मनावर घेतं का हो? पण घेतलं ना! आणि नेमकं माझंच घेतलं. तुम्हाला सांगतो, एकेचाळीस वर्षं मी किन्शासात त्या आंब्याखालच्या अंगणात गाण्याचा बार चालवला, ‘मोंगोंगो’ नावाचा. पहिल्या वर्षी होतं काय? बारा खुर्च्या, दोन गिटारी, त्यातली एक उसनी, आणि वीज गेली की गाडीच्या बॅटरीवर लावलेला भोंगा. पुढं मोठे झालेले बँडवाले आमच्याकडंच गायला शिकले, मग विमानात बसले आणि ओळख विसरले... जाऊ दे, ते वेगळंच रडगाणं.

आता आमची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. गाता गाता समोरच्याचं नाव पुकारायचं. ज्यानं बँडला बिअरचा क्रेट पाठवला त्याचं दोनदा, ज्यानं बकरं भाजून घातलं त्याला थेट राजाच करायचं. एकाला तर मी नदीचा मालक म्हटलंय. म्हणून काय तो नदी घरी घेऊन गेला? गाण्यातलं बोलणं कोणी मनावर घेतं का?

तर झालं काय, जागेचे कागद वाळवीनं खाल्ले. कचेरीतून बोलावणं आलं, जागा तुमची असल्याचं दाखवा, नाहीतर सोडा. बायको, फुती, म्हणाली, चार म्हाताऱ्या शेजाऱ्यांना न्या, ते सांगतील, जास्त शहाणपणा करू नका. पण मी ऐकतोय होय? मला इतिहास दाखवायचा होता! ट्रंकेतून उद्घाटनाच्या दिवसाची कॅसेट काढली. आणि साक्षीला नेलं कोणाला? काबेयांच्या सेर्जला. थोरले काबेया सिमेंटवाले, आमचं जुनं गिऱ्हाईक, वारले बिचारे. पोरगा वकील, म्हटलं चार शब्द बरे बोलेल.

कचेरीतल्या मादाम लुझोलोंनी कॅसेट लावली. अहाहा, माझा तेविशीतला आवाज! मी टेबलावर ठेका धरला. अन् तो आवाज गातो काय? “हे अंगण काबेयांचं, हा आंबा काबेयांचा, आम्ही इथले पाहुणे...” अहो, त्या दिवशी थोरल्या काबेयांनी सहा क्रेट पाठवले होते! सहा क्रेटला अंगण द्यावंच लागतं... गाण्यात हो, गाण्यात!

मादामनी टेप थांबवली. आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला पापाच म्हणतात, तशी म्हणाली, “पापा, हा आवाज कोणाचा?”

आता मघाशीच छाती फुगवून सांगितलेलं, की माझा. सेर्जकडं बघितलं, तर तो मान खाली घालून वहीत लिहीत होता, माझा साक्षीदार! मी म्हटलं, मादाम, गाण्यातलं बोलणं कोणी मनावर घेतं का?

“इतिहास म्हणून तुम्हीच आणलंत ना?”

घरी आलो. फुती एकेक खुर्ची पुसत राहिली, निरोप दिल्यासारखी. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सेर्ज तसा वाईट नाही. त्याच कॅसेटच्या जोरावर जागेचे कागद त्याच्या नावावर झाले, पण बार बंद नाही केला. म्हणाला, “पापा मायाला, शनिवारी दुपारी गात जा. फक्त आमच्या वडिलांचं नाव पुकारा, कॅसेटमधल्यासारखं.” मग पुकारतो. काय करणार? हे अंगण काबेयांचं, हा आंबा काबेयांचा... लोक टाळ्या वाजवतात, हसतात, म्हणतात, म्हातारा अजून तशाच थापा मारतो. त्यांना काय सांगू? अहो, एकेचाळीस वर्षांत हे पहिलंच खरं गाणं गातोय मी.