बटणाची यादी आणि माझी यादी

—नाही नाही, बसा की इंजिनियर साहेब, खुर्ची डुगडुगते, पण पडत नाही. तर काय म्हणत होतात? ह्या सर्व्हरवर एक्सेल नाही, कधी टाकणारही नाहीत, तरी बटण दाबलं की एक्सेलची फाईल बाहेर! वा! चूल नाही, भांडं नाही, आणि ताट वाढून तयार. तुमचा प्रोग्रॅम स्वतःच फाईल लिहितो म्हणे. लिहू दे बापडा. मग मी नऊ वर्षं काय करत होते? सांगते ना — ह्या स्क्रीनवर पेशंटचं नाव वाचायचं, त्या कॉम्प्युटरवर टाइप करायचं. बुबुळ बसवायची वेटिंग लिस्ट आहे ही. ज्याची नोंदणी आधी, त्याचा नंबर आधी. बुबुळ आलं की डॉक्टर मंडळी माझीच फाईल उघडतात, आणि वरच्या माणसाला फोनही मीच लावते. नऊ वर्षांत चूक? एक दाखवा. तुमच्या बटणाला चहा लागत नाही, रजा लागत नाही, मान्य — पण काळजी? ती कुठल्या कोडमध्ये लिहिता हो?

आता माझी थोरली बहीणच घ्या. डोळ्यांपुढे नुसतं धुकं — भाजी चिरायला घेतली की बोट कापून ठेवते. तीही ह्याच यादीत आहे. पण मी तिच्या ओळीकडे ढुंकून बघत नाही. का? उद्या कुणी म्हणायला नको, बाईंनी बहिणीला वर सरकवलं. एकदा टाइप केली ती केली, पुन्हा तपासलीसुद्धा नाही! रोज विचारते, "माझा नंबर कधी गं?" मी म्हणते, ताई, रांग म्हणजे रांग. रुसते. रुसू दे. माणसाला तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

हं, दाबा तुमचं बटण. झालं? एवढ्यात? बरं, लावा माझ्या फाईलशेजारी, होऊ दे कौतुक. — काय? एक ओळ जुळत नाही? मग तुमचंच चुकलं असणार, बघा नीट. कितवी? तुमच्याकडे पहिली. माझ्याकडे एकोणिसावी. थांबा — नाव वाचू नका, दिसतंय मला. नोंदणीचा महिना दुसरा. मी बारावा टाइप केलाय. दोनच्या आधी एक आकडा जास्तीचा, बस. म्हणजे दहा महिने मागे ढकलली मी तिला. तिच्या मागून आलेले सात जण डोळे घेऊन घरी गेले — सातही फोन मीच लावले, अभिनंदनही मीच केलं. आणि घरी जाऊन हिला रांग शिकवली.

नको, पाणी नको. ती फाईल — तुमची, माझी नव्हे — आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना पाठवा. आणि निघा तुम्ही. दार ओढून घ्या. मला घरी फोन करायचाय.