लाल गाडीतली कटकट

...आणि वर मलाच विचारतो, "शू... आला?" अरे, काय आला? कोण आला? सकाळची साडेनवाची वेळ, मयूर विहारचा सिग्नल, डावीकडे बसवाला हॉर्नवरचा हात काढत नाहीये, उजवीकडे ई-रिक्षावाला त्या बसवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय, डोक्यावरून मेट्रो चाललीय, आणि ह्या गृहस्थाला त्या सगळ्यातून डॅशबोर्डच्या आतली टिक् ऐकायचीय! तुम्हाला सांगतो, माणसाला कान असावेत, पण इतके असू नयेत.

कोण म्हणजे काय, आमचा श्रीरंग. आमच्याच सोसायटीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी. मूळचा सोलापूरचा. शाळेत असताना ह्यानं कपाटाच्या दाराला एका लाल स्पोर्ट्स कारचं चित्र चिकटवलं होतं, तेही आतून, कारण बाहेरून वडिलांनी चिकटवू दिलं नसतं. पुढे दिल्ली, नोकरी, लग्न, मुलगी, फ्लॅटचे हप्ते... पण ती गाडी काही डोक्यातून गेली नाही. शेवटी मुलगी सासरी गेली, हप्ते संपले, आणि गुरगावच्या कुणाकडून तरी सेकंडहँड, लालभडक, दोनच माणसं बसतील अशी, पोट जमिनीला टेकलेली गाडी हा घेऊन आला. बसायचं म्हणजे आधी गुडघे आत, मग आपण आत. उतरायचं कसं ते मला अजून जमत नाही. पण त्याचा चेहरा काय फुलला होता म्हणून सांगू! रेवती वहिनीसुद्धा म्हणाल्या, "चलो, आयुष्यात एक गोष्ट तरी स्वतःसाठी घेतलीस."

दसऱ्याला पूजा झाली. पूजेला श्रीरंगची आई, भानुमतीबाई. ऐंशीच्या पुढच्या, कानाचं मशीन आहे, पण ते बहुतेक वेळ देवघरातल्या डबीत, कारण घातलं की म्हणे नुसता गोंगाट ऐकू येतो. त्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं ठेवली, आत समोरच्या काचेपाशी सुपारीचा गणपती मांडला, अक्षता टाकल्या, चाकाखाली लिंबू. श्रीरंगनं गाडी सुरू केली, लिंबू चिरडलं, अख्खी सोसायटी मोबाइल काढून फोटो घेतेय, म्हातारी मागून हात हलवून काहीतरी सांगतेय, आणि सगळे तिला म्हणतायत, "हो आजी, छान आजी, बिल्कुल." मग पेढे वाटले, आणि आम्ही आपापल्या घरी गेलो.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. गाडी जरा वेगात निघाली की पुढून कुठून तरी टिक्. मग टक्. मग काहीच नाही. मग तुम्ही विसरलात की परत टिक्! सलग वाजेल तर तो आवाज कसला? श्रीरंग गाडी कडेला घ्यायचा, बोट वर करायचा आणि म्हणायचा, "शू... आला?" आता उभ्या गाडीत कसा येईल? पण हे त्याला सांगायचं कुणी?

पटपडगंजला नीरज म्हणून एक मेकॅनिक गाठला. त्यानं आधी दारांच्या रबराला ग्रीस लावलं. "हो गया सर जी, मक्खन." गाडी सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरवरून उतरली... टिक्. मग त्यानं आतल्या प्लास्टिकच्या सांध्यासांध्यांत फेल्टची पट्टी कोंबली. टिक्. सीटचे नट आवळले, सायलेन्सरची पट्टी बदलली, समोरच्या खणातले कागद, गॉगल, सगळं बाहेर काढलं. टक्! श्रीरंग म्हणाला, "डॅशबोर्ड ही खोल दो." तर नीरज दोन पावलं मागे सरला. "ना सर जी. ये खुलेगा ना, तो एक जायेगी, दस आयेंगी. और स्पोर्ट्स कार है यार, आवाज तो करेगी." ह्यावर श्रीरंग जो खवळला! म्हणतो, इंजिनाचा आवाज माझा, तो मला हवाय, पण हा माझा नाही.

मग सोसायटी कामाला लागली. आमच्या इथले गुलाबराव, तळमजल्यावरचे, काटकुळे, रिटायर्ड, स्वभावानं भिडस्त. नाही म्हणता येत नाही हाच त्यांचा दोष. आवाज मागून पुढे येत असेल अशी एक शंका निघाली आणि श्रीरंगनं त्यांना टॉर्च देऊन डिकीत झोपवलं. नोएडाच्या बाजूला पोलिसांचा नाका. "डिग्गी खोलिए." उघडली. आत गुलाबराव, गुडघे हनुवटीला, हातात टॉर्च. पोलीस म्हणाला, "ये कौन हैं?" श्रीरंग म्हणाला, "पडोसी हैं जी." "अंदर क्या कर रहे हैं?" "आवाज सुन रहे हैं." पोलिसानं गुलाबरावांना विचारलं, "आप अपनी मर्जी से हो?" तर गुलाबराव प्रामाणिक माणूस, ते विचार करत बसले! सुटायला दुपार झाली. आणि परत येताना श्रीरंग काय विचारतो? "गुलाबराव, नाक्याच्या आधी एकदा... शू... आला होता ना?"

वहिनींचं तर विचारू नका. त्यांनी शेजारच्या सीटवर बसायचं आणि दोन्ही हातांनी डॅशबोर्ड दाबून धरायचा. इथे दाब. आता तिथे दाब. आता सोड. अक्षरधामपर्यंत जायचं, यायचं. पहिल्यांदा फिरायला नेतोय म्हणून बाई साडी नेसून, गजरा माळून आल्या होत्या हो. एक दिवस त्यांनी हात काढून मांडीवर ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, "श्रीरंग, इतकं कान देऊन तू माझं कधी ऐकलं नाहीस. तू ही गाडी चालवत नाहीस, नुसता ऐकत बसतोस. जेवताना ऐकतोस, झोपेत ऐकतोस. तुझं सुख म्हणून आणली आणि तुझं सुख गेलं. विकून टाक." रविवारी बघायला येईल असं गिऱ्हाईकसुद्धा त्यांनीच शोधलं.

श्रीरंग भांडला असता तर बरं झालं असतं. खाली जाऊन गाडीवर कव्हर घातलं, आणि काय सांगू, ते कव्हर हातानं सारखं करत राहिला. चिडतो मी त्याच्यावर, पण पन्नाशी उलटलेल्या माणसाला कपाटाचं दार पुन्हा लावून घेताना बघवत नाही.

शनिवारी दुपारी पानावर बसला तो नुसता पोळीचे तुकडे करत राहिला. म्हातारीनं खुणेनं विचारलं, काय झालं? रेवती वहिनी ओरडून म्हणाल्या, "गाडी विकतोय!" म्हातारीनं उठून देवघरातली डबी आणली, मशीन कानात घातलं. "का रे?" "आवाज येतो, आई." "कुठून?" "पुढून. काचेखालून." "खडखड की टिकटिक?" श्रीरंगनं मान वर केली. इतक्या महिन्यांत इतका नेमका प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. म्हणाला, "टिकटिक."

"मग माझी सुपारी ती," म्हातारी म्हणाली. "लिंबावरून गाडी गेली ना, तेव्हा गणपती घरंगळला आणि काचेखाली ती जाळी आहे ना, तुटकी, तिच्यातून आत गेला. मला वाटलं बरं झालं, देव आपणहून जाऊन बसला, आता गाडीला भीती नाही."

"आई, मग सांगायचं नाहीस का?"

"तेव्हाच सांगितलं की. तुम्ही सगळे छान छान म्हणालात."

आता बोला! घरात कानाचं मशीन एकच, आणि ते चुकीच्या माणसाला दिलेलं.

श्रीरंग ताटावरून उठला तो थेट नीरजकडे. डॅशबोर्ड उघडला. आणि निघाली हो, सुपारी, अंगावर अजून कुंकू! नीरजनं आधी हात जोडले आणि मग मेहनताना दुप्पट सांगितला. गिऱ्हाइकाला फोन गेला, गाडी विकायची नाही. गणपती देवघरात. संध्याकाळी वहिनी शेजारी, हात मांडीवर, मेरठच्या एक्सप्रेसवेवर गाडी सोडली. टिक् नाही. टक् नाही. वहिनींनी डोळे मिटले.

"शू..." श्रीरंग म्हणाला.

दारात चर्र वाजत होतं. सीटखाली किर्र. आरशात बारीक थरथर. उघडून पुन्हा बसवलेल्या डॅशबोर्डमध्ये तर चार-पाच जणांचं आपसात काहीतरी चाललेलं. आजवर त्या एका टिक् कडे कान लागलेला होता, त्यामुळे ह्या बाकीच्यांची दादच लागली नव्हती. वहिनींनी डोळे उघडले, नवऱ्याकडे पाहिलं आणि पर्समधून फोन काढला, गिऱ्हाइकाचा नंबर अजून होता. श्रीरंगनं गाडी तिथूनच वळवली. घरी येऊन आईपुढे हात पसरला, "आई, ती सुपारी दे." म्हातारीनं दिली, वर अक्षताही दिल्या. खाली येऊन ह्यानं स्वतःच्या हातानं, नमस्कार करून, ती तुटक्या जाळीतून आत सोडली.

आणि काय सांगू तुम्हाला, शांत झाला माणूस! टिक् झालं की म्हणायचा, "आहेत." टक् झालं की, "आहेत, आहेत." किर्र नाही, चर्र नाही, काही नाही. वहिनी गजरा माळून बसायला लागल्या. गुलाबराव पुन्हा खाली दिसायला लागले. म्हटलं, सुटलो. म्हणून तर आज सकाळी मेट्रोपर्यंत सोडतो म्हणाला तेव्हा मी मूर्खासारखा गुडघे आत घातले.

तर सिग्नलला थांबलो, आणि ह्याचं बोट वर. "शू... आला?"

मी कान देऊन ऐकलं. मनापासून ऐकलं. म्हटलं, "नाही रे, काही नाही आला."

त्याचा चेहरा उतरला. "तेच म्हणतोय मी. घरापासून एकदाही आला नाही. गणपती अडकले की काय आत? आता गिऱ्हाईक..."

सिग्नल हिरवा झाला. मागून सगळी दिल्ली हॉर्न वाजवतेय, ई-रिक्षावाला आता आमच्या सात पिढ्यांवर आलाय, आणि मी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड थोपटतोय, "उठा हो, उठा..."