बाबांची लेन्स आणि रव्याचे लाडू

आईने सांगू नको म्हटलंय, पण ऐका. बाबा मरोळला कॅमेऱ्याच्या लेन्स बनवतात, मुंगी उंदराएवढी दाखवणाऱ्या. परवा पहिली मोठी ऑर्डर देणारे साहेब घरी आले. आईने रव्याचे लाडू ठेवले. साहेब दुसरा लाडू खात होते, तेवढ्यात बाबांनी नव्या लेन्सने काढलेला किड्याचा फोटो पुढे केला.

“वा! पायांवरचे केससुद्धा दिसतायत! कुठे सापडला हा?”

बाबा फुशारून म्हणाले, “लांब कशाला जायचं? आमच्याच रव्याच्या डब्यात!”

साहेबांचा घास तोंडातच राहिला. मग घटाघटा पाणी पिऊन ते म्हणाले, “ऑर्डर पक्की. पण वहिनी, आता लाडू नको.”

आणि उरलेले लाडू आईने टाकलेच नाहीत गं, ते अजून…

“मंजू, मैत्रिणींना लाडू नेऊन दे!”