शटरवरचे हळदीचे हात

मूळ आम्ही निपाणीकडचे. आजोबा हुबळीला आले ते हमालीला, आमचे वडील रंगाचा ब्रश धरले आणि त्यांच्यामागं मी. लोखंडाचंच काम माझं, गेट, खिडक्या, शटर. भिंतीला रंग कोणीही लावतो हो, पत्र्यावर रंग धरवणं वेगळं, काय सांगू तुम्हाला, दुकानदारसुद्धा मला विचारायचे, आणि नेमकं पोरीच्या घरी चुकलो मी.

सुमी, एकुलती एक मुलगी, दोन वर्षांखाली धारवाडला सप्तापुरात दिलो. व्याही रिटायर मास्तर, शिकलेली माणसं. त्याच वर्षी त्यांना नवी गाडी आली, गाडीला खोली बांधले, खोलीला जस्ती पत्र्याचं शटर बसवले. म्हणाले, रंगाचं तुम्हीच बघा, घरचंच आहे. मला केवढा आनंद म्हणता. कोप्पीकर रोडला रंगाच्या दुकानात त्यांना स्वतः घेऊन गेलो. ते गडद चॉकलेटी मागत होते, मी म्हटलो, सर, दार पश्चिमेला, दुपारभर ऊन खाणार, गडद रंग तापतो आणि लवकर जातो, फिका राखाडी घ्या. दुकानदार रेड ऑक्साइड काढून ठेवला, तेही परत दिलो, ते साध्या लोखंडाला, जस्तावर धरत नाही, जस्ताला रंगाखालचं प्रायमर वेगळं येतं, ते घेतलो. रंग निवडण्यात माझी चूक नाही, एवढं लिहा तुम्ही.

दसरा झाल्यावर कामाला गेलो. बघतो तर खंडेनवमीला गाडी पूजले तसं दारही पूजलेले, आणि शटरवर सुमीच्या दोन्ही हातांचे ठसे, तेलात कालवलेल्या हळदीचे. नवी सून, पहिला सण, तिच्याच हातानं करवलेले. आता पत्रा थिनरनं पुसायचा, साबणानं धुवायचा, तेलाचा डाग ठेवायचा नाही, हे शंभर जणांना सांगितलेला माणूस मी. बाकी सगळं शटर घासून पुसून लख्ख केलो. त्या हातांपाशी आलो आणि चिंधी हातातच राहिली. लक्ष्मीचे हात ते, माझ्या पोरीचे, थिनरनं पुसू कसा मी. तसंच वरून प्रायमर मारलो, वर दोन हात रंग. नुसती चिंधी फिरवायची होती हो, नुसती चिंधी.

उन्हाळ्यात तेवढाच रंग सुटला. बाकी शटर जसंच्या तसं, ते दोन ठसे तेवढे पापुद्रे होऊन गळले. विहीणबाई म्हणाल्या, सुनेचा हातच असा, लागेल तिथलं काही टिकत नाही. मी धावत गेलो, सांगितलो, अक्का, तिचा हात नाही, तेल आहे ते, चूक माझी. व्याही ऐकून घेतले, चहा दिले, पण त्या म्हणाल्या, बाप मुलीची बाजू घेणारच. दुसरा पेंटर बोलावून सगळं खरवडून घेतले, मला ब्रश लावू दिले नाहीत.

आता दूध नासलं तरी सुमीचाच हात. यंदा खंडेनवमीला गाडीला कुंकू लावायला धाकटी जाऊ पुढं, ही मागं उभी. फोनवर पोर रडत नाही, तेच मला सोसत नाही बघा. परवा म्हणाली, अप्पा, समजावायला येऊ नका आता, तुम्ही येऊन गेलात की चार दिवस जास्तच बोलतात. मी बरं म्हटलो. आता धारवाडचं काम आलं तरी नको म्हणतो. सुखी राहू दे पोरगी, माझं तोंड न बघता का होईना.